दोन पेट्या आणि कानबाईचा धूप

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की डोक्यात किडा वळवळत राहतो, आणि मग हातातलं काम धड होत नाही. धुळ्याला माझे वडील शाळामास्तर होते. ते म्हणायचे, "हिला नवरा कसाही चालेल, फक्त उत्तरं देणारा हवा." मिळाला तो अमळनेरच्या एका तेलगिरणीत कामाला जाणारा. सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळच्या एसटीनं यायचा, आणि काहीही विचारलं तरी "आता मला काय माहीत?" एवढं म्हणून कूस बदलायचा. पण कुठल्याशा सरकारी योजनेतून मधमाश्यांच्या दोन पेट्या घरी आणल्या त्या त्यानंच. पहिल्याच दिवशी एक माशी त्याच्या पापणीवर चावली. डोळा असा सुजला की चार दिवस गिरणीला खाडा. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "तुला लय प्रश्न पडतात ना? घे, सांभाळ."

बहात्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. गाव बोरी नदीच्या काठचं. घरात सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. आम्ही दोघं, आमचं पाळण्यातलं पोर, आणि ताई, म्हणजे माझी मोठी नणंद. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती आणि ताई एक ट्रंक घेऊन माहेरी आली होती. त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. घरात बोलणं सगळं अहिराणी. इथं सांगताना मी सगळ्यांना समजेल असं लिहिते, पण काही वाक्यं तशीच ठेवावी लागतात, नाहीतर ती बेचव होतात.

ताई कामाला वाघीण. शेण, पाणी, कापूस वेचणी, सगळ्यात पुढे. पण तिची एक गोष्ट मला फार खटकायची. ती जेवणाला कधी नाव ठेवायची नाही. वरण खारट झालं, भाकरी करपली, ठेचा मिळमिळीत झाला, काही होवो, विचारलं तर "छान शे" म्हणायची आणि खाली मान घालून जेवायची. मला राग यायचा. अगं, बोल ना काहीतरी! घरचं माणूस कुरकुर करतं. पाहुणा "छान" म्हणतो.

पेट्या अंगणात ठेवल्या होत्या, एक कडुलिंबाखाली, दुसरी गोठ्याजवळ. दोन-तीन महिन्यांनी मधवाले साहेब सायकलवरून यायचे आणि आतल्या पोळ्यांच्या चौकटी वर उचलून बघायचे. पहिल्याच फेरीला त्यांनी बजावलं, "बाई, एका पेटीच्या माश्या दुसरीत जाऊ देऊ नका. मारामारी करतात."

"का?"

"परक्या ओळखू येतात त्यांना."

"कशावरून? दिसायला तर सगळ्या सारख्या."

"वासावरून."

"कसला वास?"

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "घराचा." एवढं बोलून सायकलवर टांग मारून गेले की हो! आता मला सांगा, एका अंगणातल्या दोन पेट्या. फुलं तीच, पाणी तेच, गोठ्यातलं शेणसुद्धा तेच. मग वास वेगळा कशानं झाला? माझी झोप उडाली.

मी बघायला लागले. दुपारी पोर झोपलं की गोणपाट टाकून पेटीच्या दाराशी बसायची. दार म्हणजे खाली एक फट, बोटभर उंचीची. त्या फटीत चार-पाच माश्या कायम उभ्या असायच्या, पुढचे पाय जरा उचलून. बाहेरून एखादी आली की त्यातली एक पुढे व्हायची आणि मिशांनी तिला चाचपायची. डोकं, पाठ, पोट. निमिषभराचं काम. मग आत सोडायची. आमच्या गावच्या चावडीवर इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही.

ओळख पटायला खुणा हव्यात, म्हणून मी घर सारवायचा गेरू आणि भिंतीचा चुना घेतला. कडुलिंबाच्या पेटीतल्या माशीला गेरूचा ठिपका, गोठ्याच्या पेटीतलीला चुन्याचा. खराट्याची काडी, काडेपेटीत पकडलेली माशी, आणि माझे सुजलेले हात. अक्का ओट्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरनी पोर केली आनि हाई दिन उना." म्हणजे मास्तराची पोर सून केली आणि हा दिवस आला. ताई मात्र हळूहळू माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. तिला माश्या चावत नसत.

पहिल्यांदा आम्ही चुन्याची माशी कडुलिंबाच्या दारावर सोडली. पहारेकरणीनं चाचपलं आणि जी काय झडप घातली! एकीनं पाय धरला, दुसरीनं पंख. ओढत ओढत फळीच्या कडेला नेली आणि खाली टाकली. सासुरवास म्हणतात तो यापुढे काहीच नाही. पण दोन दिवसांनी उलटंच झालं. गोठ्याजवळच्या पेटीची एक माशी शेतातून रस पिऊन टम्म झाली होती, जड होऊन चुकून कडुलिंबाच्या दारावर उतरली. चुन्याचा ठिपका पाठीवर स्वच्छ दिसत होता. पहारेकरणीनं तिला चाचपलं, जरा थांबली आणि सोडली की आत!

"हे काय? परकी आहे ना ही?" मी ओरडले.

ताई हसली. म्हणाली, "वहिनी, भरल्या हातानं आलेल्याला कोण अडवतं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पेटीकडेच बघत होती. सात वर्षांपूर्वी त्या एका ट्रंकेशिवाय ती रिकाम्या हातानं आली होती, हे तिला सांगायची गरज नव्हती आणि मलाही.

मग मला नादच लागला. एकदा एक चौकट उचलली तर एक माशी नुकतीच घरातून, म्हणजे मेणाच्या कोठडीतून, बाहेर येत होती. अंगावर राखाडी लव, पंख दुमडलेले, पाय लटपटणारे. ती उचलून दुसऱ्या पेटीत टाकली. म्हटलं, आता हिचा खिमा होणार. कसलं काय! दोघी-तिघींनी तिला चाचपलं, एकीनं तोंडातून तिला भरवलं आणि ती तिथलीच झाली. असं आम्ही चार वेळा केलं. चारही वेळा तेच. म्हणजे जन्मतःच वास नसतो. तो नंतर लागतो. कुठून लागतो? ज्या मेणावर ती चालते, ज्या अंगांना ती घासते, ज्या तोंडातलं खाते, तिथून. माझ्या पोराला धुरी दिल्यावर त्याच्या टाळूला दोन दिवस ओव्याचा वास यायचा, तसंच.

आणखी एक प्रयोग केला, तो करायला नको होता असं नंतर वाटलं. कडुलिंबाचीच एक माशी काडेपेटीत घातली, सोबत साखरेचा दाणा आणि कांद्याची चकती. रात्रभर ठेवली. सकाळी तिच्याच घराच्या दारावर सोडली. तिच्याच बहिणींनी तिला ओढत नेऊन खाली टाकलं. ती परत चढली. परत टाकलं. तिसऱ्यांदा ती चढलीच नाही, फळीखालच्या मातीत बसून राहिली.

ताई उठून गोठ्यात गेली. मी मागून गेले तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. म्हणाली, "एक रात्र बाहेर राहिली फक्त, वहिनी." मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी प्रयोगाची काडेपेटी चुलीत घातली.

आणि मग माझ्याच हातून घात झाला. आषाढात गोठ्याजवळच्या पेटीची चौकट बाहेर काढताना घाईत ती घसरली आणि दोन चौकटींमध्ये राणीमाशी चिरडली. लांब पोटाची ती एकच असते पेटीत, तिच्याशिवाय अंडी नाहीत. नवी राणी वाढवायला त्यांनी एक मेणघर लांबवलं होतं, पण पावसाची झड लागली आणि ते गेलं. दिवसागणिक माश्या कमी व्हायला लागल्या. उरलेल्या दारात गोंधळल्यासारख्या फिरायच्या. एकच उपाय होता, त्यांना कडुलिंबाच्या पेटीत घालायचं. पण पावसात शेतात फुलं नव्हती, आणि खायला कमी असलं की पहारा कडक होतो. मूठभर माश्या झटकून बघितल्या. सकाळी फळीखाली मेलेल्यांचा सडा. मी सुपात गोळा केल्या आणि सुपासकट अक्कांसमोर बसून रडले. अक्का म्हणाल्या, "रडू नको. चार पोळ्यांच्या माश्या, त्यांच्यासाठी पोराला दूध पाजायचं विसरली."

अशातच श्रावण आला आणि कानबाईची तयारी सुरू झाली.

ज्यांनी खानदेश पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची कुळदेवी, बसते. त्याआधी घरातली चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तू घासायची, भिंती पोतारायच्या. मग रोटाचे गहू मोजायचे. घरातल्या आणि भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. दात न आलेल्या माझ्या पोराच्या नावानंसुद्धा सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करायच्या, आणि ते खायचे फक्त कुळातल्या माणसांनी. आम्ही सुना खातो, कारण लग्न होऊन कुळात आलो. लेकी खात नाहीत, कारण लग्न होऊन कुळाबाहेर गेल्या. आमच्या घरी तर इतकं कडक की रोट खाऊन हात धुतलेलं पाणी अंगणात खड्डा करून पुरायचं, परक्याचा पाय पडायला नको म्हणून. रोट बाहेर गेला तर कानबाई कोपते, असं भाऊबंदातले नाना सांगायचे. नाना आबांचे चुलतभाऊ, वयानं लहान पण रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा.

मग ताईचं काय? सासरी तिला कोणी विचारत नव्हतं, इकडे ती परक्या कुळाची. सात कानबाया तिनं गहू निवडले, भिंती पोतारल्या, चूल सारवली. आणि रोट लाटायला घेतले की ती स्वयंपाकघराबाहेर जायची. तिची ज्वारीची भाकरी आदल्या दिवशीच करून ठेवलेली असायची. ती घेऊन अंगणात जाऊन बसायची. पहिली दोन-तीन वर्षं मी नवी होते, तोंड उघडलं नाही. त्यानंतर उघडलं, तर आबा म्हणाले, "माय, रीत शे." लेक परक्याचं धन, झालं! ते धन परक्यानं उकिरड्यावर टाकलं, हे कोणी बोलेना.

त्या वर्षी मी पेटून उठले होते. मोजायच्या वेळी म्हटलं, "ताईच्या नावाची एक मूठ टाका." नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देव्हाऱ्यात चप्पल घालून आले. आबांनी मान खाली घातली. ताईच मला म्हणाली, "वहिनी, उगी राहा. तुझ्यामुळे माझं आणखी अवघड होतं." मी पाय आपटत अंगणात जाऊन बसले.

शनिवारी संध्याकाळी घर स्वच्छ झाल्यावर अक्का धुपाटणं घेऊन निघाल्या. निखाऱ्यावर ऊद आणि गुग्गुळ. खोल्या झाल्या, जातं झालं, गोठा, म्हशी झाल्या. आणि मी बघते तर काय, अक्का गोठ्याजवळच्या पेटीसमोर उभ्या! फटीतून आत धूर घातला, मग कडुलिंबाच्या पेटीत. चांगला भरभरून.

"अक्का, अहो, माश्यांना कशाला?"

"त्या बी आपला घरन्याच शेतस ना."

झालं. माझ्या जिभेला काही हाड नाही. म्हटलं, "माश्या आपल्या घरच्या, आणि ताई कोन्ही शे? ती कोणाच्या घरची?"

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. धुरानं पुसले का कशानं, मला कळलं नाही. धुपाटणं घेऊन आत गेल्या.

इकडे दोन्ही पेट्यांतून माश्या भणभणत बाहेर आल्या होत्या. सगळं अंगण उदानं भरलेलं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी ताईला हाक मारली. "ताई, आता! आत्ताच!" ती धावत आली. गोठ्याजवळच्या पेटीच्या चौकटी आम्ही उचलल्या आणि सगळ्या माश्या कडुलिंबाच्या दारासमोरच्या फळीवर झटकल्या. त्या रांगेनं दाराकडे चालायला लागल्या. पहारेकरणी पुढे झाल्या. चाचपलं. डोकं, पाठ, पोट. परत चाचपलं. सगळ्यांना एकच वास, उदाचा. कोण आपली, कोण परकी? त्या बिचाऱ्या गोंधळल्या आणि बाजूला झाल्या. शेकड्यांनी माश्या आत गेल्या. आम्ही दोघी बघत होतो. मागे वळले तर अक्का ओट्यावर उभ्या, त्याही बघत होत्या.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वासानं ओळखतात, धुरानं वास एक झाला, म्हणून घेतलं आत.

"आनि धूर उडी गया म्हंजे? सकायले मारतीन ना?"

बघा, प्रश्न पडायला मास्तराची पोर असावं लागत नाही. मी म्हटलं, "तोवर रात्रभर एकमेकींच्या अंगाला अंग लागेल, एकमेकींचं खातील. मग घराचाच वास लागेल." हे मी ठोकून दिलं होतं. मला तरी कुठं माहीत होतं!

पहाटे मी अंघोळीआधी पेटीकडे धावले. ताई तिथं आधीच बसलेली. फळीखाली एकही मेलेली माशी नव्हती. चुन्याचा ठिपका असलेली एक दारातच उभी होती, पुढचे पाय उचलून, पहाऱ्यावर. पुढे साहेब आले तेव्हा म्हणाले, "आम्ही दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्र लावतो, माश्या ते कुरतडेपर्यंत वास एक होतो. धुपाचं काही ऐकलं नव्हतं." त्यांनी वहीत लिहून घेतलं. पण ते पुढचं.

रविवारी दुपारी कानबाईला नैवेद्य झाला. पंगत बसली. नाना मध्यावर, आबा शेजारी, भाऊबंद दोन्ही बाजूंनी, समोर आम्ही सुना. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, दही. ताई भाकरी घेऊन अंगणात कडुलिंबाखाली बसली होती. दारातून तिची पाठ दिसत होती.

अक्का वाढता वाढता थांबल्या. देवापुढचं धुपाटणं उचललं, त्यात मूठभर ऊद टाकला आणि अंगणात गेल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी ताईला उभं केलं. धुपाटणं तिच्या पायापासून डोक्यापर्यंत फिरवलं. मग हातानं तो धूर तिच्या केसांत, पदरात, मानेत लोटायला लागल्या, घाईघाईनं, लहान पोरीला न्हाणून धुरी देतात तसं. ताई खोकत होती आणि "माय, काय करी ऱ्हायनी" म्हणत होती. अक्कांनी तिचा दंड धरला आणि ओढत आत आणली, थेट नानांसमोर.

"अक्का, हाई काय?" नानांचा घास हातातच राहिला.

"नाना, हुंगी देख," अक्का म्हणाल्या. ताईचा दंड काही सोडला नाही. "हुंगी देख आनि सांग, कोन्हा घरना वास येस?"

नाना ताईकडे बघत होते. सात वर्षं त्यांच्या घरच्या प्रत्येक बाळंतपणाला ती राबली होती, त्यांच्या आजारी आईचं अंथरूण तिनं धुतलं होतं. नाना मग खोकले, म्हणाले, "धूर फार करेल शे," आणि बसल्या जागी थोडे सरकले. आबाही सरकले. आमच्या ओळीत नाही, आबांच्या आणि नानांच्या मध्ये जागा झाली. आबा म्हणाले, "बस वं माय."

मी पान मांडलं. अक्कांनी रोट वाढला, वर भाजी वाढली. ताईनं एक तुकडा मोडला आणि नुसता हातात धरून बसली. तिचे डोळे वाहत होते. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे मुद्दाम आपापल्या पानात. तिनं तुकडा भाजीला लावून तोंडात घातला, चावला, गिळला. मग पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"वहिनी, भाजीमा मीठ कमी शे."

मी तोंडाला पदर लावला, हसू आलं की रडू तेच कळेना. अक्का मात्र फणकारल्या, "मंग ऊठ ना! मीठ कोठे ऱ्हास तुले माहीत नही का?"

ताई उठली, रोटाच्या स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली.